गालिचा खरंच स्वच्छ कसा होतो? व्हॅक्यूम क्लीनर, ब्रश आणि कोल्हापूरची धूळ

गालिचावाला

मंडळी, नमस्कार.

ऊसतोडणी सुरू झाली की आपल्याकडं पाचट पेटतं आणि काळी काजळी वाऱ्यावर पार शहरात येते. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर ती लगेच दिसते. घरातल्या गालिच्यावर पडलेली मात्र दिसत नाही. पायाखाली चुरडते आणि तिथंच मुरते. त्यात दिवाळीची रांगोळी, फटाक्यांची राख, पाहुण्यांची वर्दळ. गालिच्यासाठी हेच महिने कसोटीचे, म्हणून चर्चेचा हा धागा आत्ताच काढतोय.

मला व्हॅक्यूम क्लीनरचा नाद आहे. बंद पडलेली जुनी मशीन आणायची, खोलायची, मोटर साफ करायची, बेल्ट बदलायचा आणि मग एखाद्या मळक्या गालिच्यावर चालवून बॅगेत काय काय आलं ते बघायचं. तसा आनंद मला दुसऱ्या कशात मिळत नाही. या नादात एक गोष्ट पक्की कळली आहे आणि तीच सांगायची आहे: गालिचा साफ करतो तो ब्रश आणि वाहती हवा. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॅट नव्हेत.

आधी घाण कुठं बसते ते बघा. वर केस, दोरे, कागदाचे कपटे. ते कुठलंही मशीन उचलतं. मधल्या भागात बारीक धूळ आणि काजळी. सगळ्यात खाली, लोकरीच्या बुडाशी, वाळू आणि खडीचा बारीक चुरा. नुकसान करतो तो हा तळातला चुरा. त्याच्या कडा धारदार असतात. आपण चाललो की प्रत्येक पावलागणिक तो धाग्यांवर घासतो. दारापासून सोफ्यापर्यंतचा पट्टा कितीही धुतला तरी मळकट दिसतो ना, तिथं बऱ्याचदा रंग उडालेला नसतो. धाग्यांवर ओरखडे पडून उजेड नीट परावर्तित होत नाही, एवढंच. ते ओरखडे कुठल्याही शांपूनं भरून येत नाहीत. वाळू वेळेवर काढणं हाच उपाय.

आता मशीनकडं वळू. वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते तो आकडा. युरोपात २०१४ साली घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर १६०० वॅटची मर्यादा आली आणि २०१७ साली ती ९०० वर आणली. तरीही तिथल्या अनेक घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असतं आणि ते साफही होतं. दारावर डेमो द्यायला येणारे लोक नळीच्या तोंडाला जड गोळा चिकटवून दाखवायचे. तो झाला बंद तोंडाचा खेच. नळीवर तळहात ठेवून बघा: खेच सगळ्यात जास्त, पण हवा वाहतच नाही, आणि वाहत्या हवेशिवाय धुळीचा एक कणही बॅगेपर्यंत जात नाही. त्याच वेळी मोटरचा सूर चढतो. आपल्याला वाटतं तिला त्रास होतोय. खरं तर ढकलायला हवाच नसल्यानं तिचा भार उतरतो आणि ती जोरात फिरते. मात्र हा सूर आपोआप चढायला लागला की समजायचं, बॅग भरली किंवा नळी तुंबली.

थोडा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही. लंडनमध्ये १९०१ साली ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरनं हवा ओढणारं मशीन केलं. तोवर धूळ फुंकून उडवायचे प्रयोग चालले होते. यानं ती ओढायची ठरवली. मशीन इतकं थोरलं की घोडागाडीवरून न्यायचं, रस्त्यात उभं करायचं आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात घ्यायच्या. सातव्या एडवर्डच्या १९०२ सालच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच मशीननं साफ केले. पण मला जास्त जवळचा वाटतो तो अमेरिकेतल्या कँटन गावचा जेम्स मरे स्पँगलर. एका दुकानात झाडलोट करायचा, दम्याचा त्रास, झाडताना उडणारी धूळ सोसायची नाही. त्यानं पंख्याची मोटर, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा जुळवून मशीन बनवलं आणि १९०८ साली पेटंट घेतलं. पुढं ते हूवर कंपनीकडं गेलं. त्या मशीनमध्ये पुढं फिरणारा ब्रश होता, आणि माझ्या मते खरी कमाल तीच. केस विंचरल्याशिवाय कोंडा सुटत नाही, तसंच गालिच्याचं आहे. ब्रश धागे उघडतो, तळाची वाळू हलवतो, मग हवा तिला घेऊन जाते.

आपल्याकडच्या बहुतेक मशीनना असा ब्रश नसतो, कारण आपली घरं फरशीची. नळी आणि चपटं तोंड फरशीवर उत्तम चालतं. तेच गालिच्यावर फिरवलं की वरवरचं निघतं आणि आपण म्हणतो, "व्हॅक्यूमनं काय होत नाही, झाडूच बरा."

हाताची पद्धत: घाई नको. हातभर अंतर पुढं जायला दोन-तीन सेकंद घ्या, मागं ओढताना त्याहून सावकाश. एकदा उभं झालं की आडवं. झालरीवर फिरता ब्रश कधीच न्यायचा नाही, ती ब्रशभोवती गुंडाळते आणि तुटते. तिथं साधं तोंड लावून आतून बाहेरच्या दिशेनं. विणलेला किंवा हातानं गाठी मारलेला गालिचा असेल तर आधी पालथा घाला, पाठीवरून ब्रश फिरवा आणि उचलून खाली बघा. फरशीवर वाळूची नक्षी दिसेल. ती गोळा करा, मग सुलट बाजू घ्या.

विचारा काय विचारायचं ते.

मंगळवार_पेठ_तालीम

लई भारी धागा, दादा. आमच्या घरात दोघं जण रोज तालमीत जातात. अंघोळ करून आले तरी बॅगेतनं, लंगोटातनं कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती हॉलमधल्या कार्पेटवर येतेच. आई ओल्या फडक्यानं पुसते आणि डाग आणखी पसरतो. काय करावं?

गालिचावाला

मंगळवार_पेठ, प्रश्न आपल्या गावाला साजेसा आहे. हौद्यातली माती साधी नसते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर मळलेलं असतं. म्हणून ती अंगाला धरते, आणि कार्पेटलाही. शिवाय तिचा तांबडा रंग लोहाचा. तो कण पाण्यात विरघळत नाही. ओल्या फडक्यानं आपण त्याचा फक्त चिखल करतो आणि तो धाग्यात खोल जातो.

आईंना सांगा, पडल्या पडल्या पुसायचं नाही. पूर्ण वाळू द्यायची. वाळल्यावर ताठ केसांच्या ब्रशनं हलकं मोकळं करायचं आणि एकाच जागी सावकाश, सगळ्या बाजूंनी मशीन फिरवायचं. बहुतेक माती इथंच निघते. जो तेलकट ठसा उरेल त्यालाच कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, पांढऱ्या सुती फडक्यानं टिपून. चोळायचं नाही. आणि दाराशी काथ्याचं जाड पायपुसणं टाका. बॅगा त्यावरच झटकायची सवय लागली की निम्मं काम संपलं.

उद्यमनगरचा_मिस्त्री

मोटरबद्दल बोललात म्हणून लिहितो. माझ्याकडं वायंडिंगला येणाऱ्या व्हॅक्यूमच्या मोटरी बहुतेक एकाच कारणानं मेलेल्या असतात: बारीक पूड. फाटकी पिशवी तशीच वापरतात, किंवा फिल्टर धुऊन ओलाच बसवतात. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ती बेअरिंगमध्ये गेली की बेअरिंग आधी गातं, मग किंचाळतं. बऱ्याच मोटरींत ६०८ नंबरचं बेअरिंग असतं, कुठंही मिळतं, वेळेत बदललं तर मोटर वर्षानुवर्षं चालते. ही मोटर मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेते, तिला धुळीची गंमत चालत नाही.

दुसरं, कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे तुकडे. नवीन कार्बन बसवून थेट फुल व्होल्टेजवर चालवू नका. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) लावून कमी व्होल्टेजवर थोडा वेळ फिरवा, म्हणजे कार्बनचं तोंड कॉम्युटेटरच्या, म्हणजे ज्या तांब्याच्या फिरत्या गोलावर ते घासतं त्याच्या, गोलाईला बसतं आणि ठिणग्या कमी होतात.

गालिचावाला

मिस्त्री, हे सोन्यासारखं लिहिलंत. डिमरस्टॅटचं कुणी सांगत नाही. यात एक जोडतो. १४०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सहा अँपिअरच्या आसपास घेतं. भिंतीवरच्या छोट्या सॉकेटची मर्यादाच तेवढी. मोठ्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा. आणि मशीनमध्ये गुंडाळलेली वायर पूर्ण बाहेर ओढून मगच चालू करा; गुंडाळलेली राहिली तर आतल्या आत तापते.

राजारामपुरी_किचन

वाचनखूण साठवली! पण माझा प्रश्न मातीचा नाही, तांबड्या रश्श्याचा आहे. रविवारी पाहुणे, वाटी कलंडली, क्रीम रंगाचा गालिचा. भावजयीनं लगेच कपड्यांची पावडर टाकून घासलं तर पिवळा डाग लालभडक झाला. असं का होतं?

गालिचावाला

ताई, तो लालभडक रंग हळदीचा. हळदीतलं कुर्क्युमिन साध्या किंवा आंबट पाण्यात पिवळं असतं आणि क्षारात गेलं की लालसर-तपकिरी होतं. कपड्यांची पावडर, खायचा सोडा, धुण्याचा सोडा हे सगळे क्षार. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो हे घरोघरी पाहिलेलं असतं, त्याचं कारण हे. घाबरू नका. पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून टिपलं की रंग परत पिवळ्यावर येतो. उरलेल्या पिवळ्याला ऊन हा सगळ्यात चांगला इलाज, कारण कुर्क्युमिन उजेडात टिकत नाही. गालिच्याचा तेवढाच भाग उन्हात येईल असा ठेवा, बाकीचा झाका. दिवसागणिक फिकट होत जाईल.

पुन्हा कधी रस्सा सांडला तर क्रम असा ठेवा. आधी चमच्यानं खरवडून उचला, कडेकडून मध्याकडं. मग कोरडं सुती फडकं दाबून तर्री जेवढी शोषली जाईल तेवढी शोषू द्या. वरून जड डबा ठेवला तरी चालेल. तर्रीचा लाल रंग मिरचीचा, आणि तो तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून नुसतं पाणी ओतून उपयोग नाही. कॉर्नफ्लोअर पसरून तास-दोन तास ठेवा, तेल ओढून घेतं. ते आधी ब्रशनं आणि सुपलीत भरून काढा, मग उरलंसुरलं मशीननं. इतकी बारीक पूड सगळी मशीनमध्ये घातली की बॅगेची छिद्रं बुजतात. मग भांड्यांचं लिक्विड, अगदी दोन थेंब, वाटीभर कोमट पाण्यात. टिपा, साध्या पाण्यानं पुन्हा टिपा, कोरडं करा. साबण आत राहिला तर तीच जागा पुढं दुप्पट वेगानं मळते, कारण साबण चिकट असतो आणि धूळ धरतो.

पांढऱ्या रश्श्याला मात्र गार पाण्यापासून सुरुवात करा. त्यात मटणाचं पाणी असतं. गरम पाण्यानं त्यातली प्रथिनं धाग्यावर घट्ट बसतात.

आणि लोकरीच्या गालिच्याला कपड्यांची पावडर कधीच नको. लोकर म्हणजे प्रथिनच. क्षारानं ती खरखरीत होते आणि पावडरीतली काही एन्झाइम तर प्रथिनं तोडायलाच घातलेली असतात.

एक अपवाद: गालिचा व्हिस्कोसचा असेल, म्हणजे दुकानदार 'बांबू सिल्क' किंवा 'आर्ट सिल्क' म्हणतात तसा, तर घरी पाणीच लावू नका. पाण्यानं तो पिवळा पडतो आणि धागे चपटे होतात. सरळ गालिचे धुणाऱ्याकडं द्या.

राजारामपुरी_किचन

व्हिनेगर लावलं. लाल गेलं, पिवळं आहे. आता उन्हात ठेवते. भावजयीला धाग्याची लिंक पाठवली!

पेठेतली_नात

सगळं पटलं, पण आमची आजी गालिचा गच्चीच्या कठड्यावर टाकून काठीनं झोडपायची. तिचे गालिचे अजून आहेत. मशीनवाल्या पिढीचे पाच वर्षांत टाकून द्यावे लागतात. मग मशीन चांगलं की काठी?

गालिचावाला

आजींची पद्धत त्यांच्या गालिच्यांसाठी बरोबर होती. ते हातमागावर विणलेले किंवा गाठींचे असणार. त्यांच्या पाठीला गोंद नसतो. पाठीकडून झोडपलं की वाळू सुटून खाली पडते, गालिच्याला धक्का लागत नाही.

आज दुकानात मिळणारे बरेचसे गालिचे टफ्टेड असतात. कापडात धागे टोचायचे, मागं लॅटेक्सचा थर द्यायचा, त्यावर आणखी एक कापड. हे झोडपले की लॅटेक्सला तडे जातात. गालिचा उचलल्यावर फरशीवर पांढरट-पिवळी पूड दिसते का? ती धूळ नव्हे, गालिच्याची पाठ झिजतेय. कडक ऊन आणि काठी दोन्ही तिला वाईट. टफ्टेडला फक्त मशीन, आणि तेही मऊ ब्रशचं. म्हणून आधी कोपरा उलटून पाठ बघा: समोरची नक्षी पाठीवर तशीच दिसली तर गाठींचा किंवा विणलेला, पूर्ण कापड चिकटवलेलं दिसलं तर टफ्टेड.

गाठींच्या गालिच्याला मात्र आजींचीच काठी आणि वर मशीन, दोन्ही द्या. तो तुमच्या नातवंडांनाही पुरेल.

इचल_लूम

इचलकरंजीतून. आमच्याकडं घराशेजारीच लूम, सुताचं तूस चोवीस तास हवेत. ब्रशवालं मशीन घेतलं तर दर आठवड्याला ब्रश फिरायचा थांबतो. वास येतो जळका.

गालिचावाला

तो वास ब्रश फिरवणाऱ्या बेल्टचा. तूस आणि केस ब्रशच्या दोन्ही टोकांना, बेअरिंगपाशी गुंडाळतात. ब्रश अडतो, मोटर फिरत राहते, बेल्ट घासून जळतो. वास आल्या क्षणी बंद करा. प्लग काढा, ब्रश बाहेर काढा, आणि ब्रशच्या लांबीच्या दिशेनं छोट्या कातरीनं गुंडा कापा. ओढून काढायला गेलात तर केस ब्रशमध्ये आणखी रुततात. टोकांची झाकणं काढून आतलं तूस उपसा. तुमच्या भागात हे दर वापरानंतर करा. एरवी महिन्यातून एकदा पुरतं. आणि बॅग दोन-तृतीयांश भरली की बदला. तूस फुगीर असतं, बॅग रिकामी वाटते पण हवेची वाट बंद झालेली असते.

कोडोली_घोंगडं

माझ्याकडं पट्टणकोडोलीच्या यात्रेतनं आणलेलं घोंगडं आहे, वडिलांचं. हॉलमध्ये दिवाणावर टाकतो. धुवायला भीती वाटते. मशीन चालेल का?

गालिचावाला

चालेल, आणि मला हा प्रश्न फार आवडला. घोंगड्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यानं त्याला ताठपणा येतो. वारंवार भिजवलं की खळ निघते आणि घोंगडं लेचंपेचं होतं. म्हणून धुणं क्वचित, कोरडी सफाई नियमित.

फिरता ब्रश अजिबात नको. सोफ्यासाठीचं रुंद तोंड लावा, दांड्यावर हवा सोडायची खिडकी असते ती थोडी उघडा म्हणजे खेच कमी होईल, आणि दोन्ही बाजूंनी सावकाश. घड्यांच्या रेषांवर जास्त वेळ द्या. लोकर खाणाऱ्या कसरीच्या अळ्या अंधारात, घडीत, हालचाल नसलेल्या जागी राहतात. मशीन अंडी आणि अळ्या ओढून घेतं. तेवढं झालं की लगेच बॅग बाहेर नेऊन टाकायची. मग घोंगडं सकाळच्या उन्हात पसरा आणि घडी दर वेळी वेगळ्या जागी घाला.

पंचगंगाकाठ

आमचं घर पूररेषेजवळ. २०१९ ला गालिचे पाण्यात गेले, २०२१ ला पुन्हा. दोन्ही वेळा टाकून दिले. वाचवता आले असते का?

गालिचावाला

वाईट वाटलं वाचून. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. खाली फोम असलेलं कार्पेट आणि टफ्टेड गालिचा टाकून देणंच योग्य. लॅटेक्सच्या थरात जे शिरतं ते बाहेर येत नाही, आणि त्या घरात लहान मुलं खेळतात. तुम्ही केलंत ते बरोबर होतं. गाठींचा लोकरी गालिचा वाचू शकतो, पण पाणी उतरल्या उतरल्या भरपूर स्वच्छ पाण्यात पूर्ण बुडवून धुतला आणि दोन्ही बाजूंनी वाऱ्यावर वाळवला तरच.

पुढच्या वेळेसाठी: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ३९ ची बातमी यायची वाट न बघता, पाणी चढायला लागलं की गालिचे वर न्या. नेण्याआधी कोरडं मशीन फिरवा, नक्षी आत ठेवून गुंडाळा (घडी नको), आणि प्लास्टिकऐवजी सुती चादरीत बांधा. प्लास्टिकमध्ये पावसाळ्याची ओल अडकते आणि बुरशी धरते.

आणि ओल्या गालिच्यावर साधं व्हॅक्यूम कधीही नाही. त्यात गालिच्यातली हवाच मोटर थंड करत मोटरवरून जाते. पाणी आलं तर शॉकचा धोका. 'वेट अँड ड्राय' मशीनमध्ये मोटरला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेनं येते, म्हणून ते चालतं. पाणी ओढण्याआधी त्यातली धुळीची पिशवी काढायला विसरू नका.

नागाळापार्क_नवखा

हे सगळं वाचून घ्यायचंच ठरलं. हॉलमध्ये एक टफ्टेड, बेडरूममध्ये एक छोटा लोकरी, बाकी फरशी. मुलाला धुळीची ॲलर्जी. काय बघून घेऊ?

गालिचावाला

तुमच्या घराला नळीवालं मशीन आणि त्याला स्वतःची मोटर असलेलं ब्रशचं तोंड, हे सगळ्यात योग्य. हवेच्या झोतावर फिरणारा टर्बो ब्रशही मिळतो, स्वस्त असतो, पण गालिच्यावर जरा दाबलं की मंदावतो. तुमच्या छोट्या गालिच्यांना तोही पुरेल. ब्रश बंद करायचं बटण हवंच. फरशीवर आणि लांब केसांच्या गालिच्यावर ते लागतं.

ॲलर्जी आहे म्हणून बॅगवालं घ्या. बिनबॅगेचं भांडं रिकामं करताना निम्मी धूळ तोंडावर येते. हेपा फिल्टर असावा: तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. पण दुकानात मशीन चालू करून झाकणाच्या फटींवर हात फिरवून बघा. तिथून हवा निसटत असेल तर हेपाचा काही उपयोग नाही, धूळ त्याला वळसा घालून बाहेर येणार. मशीन चालवताना मुलगा दुसऱ्या खोलीत असू दे, खिडक्या उघड्या ठेवा.

घ्यायच्या आधी बॅगा, बेल्ट आणि कार्बन कोल्हापुरात मिळतात का ते विचारा. मिळत नसतील तर मशीन कितीही देखणं असो, सोडून द्या.

उद्यमनगरचा_मिस्त्री

शेवटच्या वाक्याला +१. आणि नवखे, दुकानात जाताना घरातली मूठभर रांगोळी कागदात बांधून न्या. त्यांच्या कार्पेटच्या तुकड्यावर टाकून, पायानं चोळून, मग मशीन फिरवायला सांगा. नंतर तुकडा उलटा करून काळ्या कागदावर आपटा. काय पडतंय ते बघून पैसे द्या.